मागच्या सीटवरचा माणूस: नाशिकच्या एका अपघात क्लेमची पूर्ण हकीकत

आमच्या दाजींचं पेठ रोडला मोटर वायंडिंगचं दुकान आहे, एका शटरचं. दिंडोरी, निफाडकडचे बागायतदार जळालेल्या सबमर्सिबल मोटरी घेऊन येतात, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की रांग लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका संध्याकाळी सातच्या सुमाराला दाजी दुकानातल्या पोराच्या बाइकवर मागे बसून ओझरकडून परत येत होते. अमृतधामच्या अलीकडे सर्व्हिस रोडला समोरून एक कार राँग साइडने आली, पोराने ब्रेक मारला, गाडी घसरली आणि कारच्या पुढच्या कोपऱ्यावर आदळली. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दाजींचा उजवा कोपर फुटला, खालची दोन्ही हाडं मोडली, आणि करंगळीच्या बाजूची नस दुखावली.

तीन वर्षं या केसमागे मीच फिरलो, कारण ताईला दोन पोरं आणि घर सोडून सीबीएसजवळच्या कोर्टात सारखं येणं शक्य नव्हतं. या काळात माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की अपघाताच्या क्लेममध्ये एकेक शब्दाची किंमत लाखांत असते आणि तो शब्द आपल्याला कळायच्या आधी समोरच्याला कळलेला असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, आकड्यांसकट.

सुरुवात झाली ती जबाबापासून. दाजी ऑपरेशनमध्ये होते म्हणून फिर्याद पोराने दिली. एफआयआरमध्ये नेहमीची भाषा असते, कारचालकाने "हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात" गाडी चालवली, भादंवि २७९, ३३७, ३३८ ही कलमं लागली (आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे हेच गुन्हे २८१ आणि १२५ मध्ये आहेत). पण पोरगा वीस वर्षांचा, घाबरलेला, शेठचा हात रक्ताने भरलेला बघून आलेला, त्याने जबाबात सांगून टाकलं की आम्हीपण जरा जोरात होतो. ते वाक्य कागदावर आलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि त्याला दोषही देता येत नाही, पण पुढे कारच्या विमा कंपनीची सगळी केस त्या एका ओळीवर उभी राहिली.

इथे एक समजून घ्या, फौजदारी केस वेगळी आणि क्लेम वेगळा. फौजदारीत चालकाला शिक्षा व्हायची तर गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. क्लेममध्ये तेवढं कडक माप नसतं, शक्यतांचं पारडं कुठे झुकतं एवढं बघतात. त्यामुळे उद्या कारवाला तिकडे सुटला तरी आपला क्लेम आपोआप बुडत नाही. आमच्याकडे कितीतरी लोक "केस सुटली, आता काय मिळणार" म्हणून गप्प बसलेले मी पाहिलेत, वाईट वाटतं.

पहिल्या पंधरा दिवसांत दोन जण घरी आले. एक कारमालकाचे नातेवाईक, साठ हजार रोख आणि स्टॅम्प पेपर घेऊन, "आपसात मिटवू, आमची काही तक्रार नाही एवढं लिहून द्या". ताई हो म्हणायच्या बेतात होती कारण हॉस्पिटलचं बिल रोज वाढत होतं, मी फक्त कागद ठेवून घेतो म्हणालो तर त्यांनी कागद दिला नाही. यावरूनच काय ते कळलं. दुसरा कुणीतरी ओळखीचा, "मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख लगेच मिळतात, कुणाची चूक ते सिद्धच करावं लागत नाही". हे खरंय. १ एप्रिल २०२२ पासून चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी तरतूद आहे. ज्याच्याकडे साक्षीपुरावा काहीच नाही त्याला ती आधार आहे. पण त्याने जे सांगितलं नाही ते असं, की ती रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपतो. पुढे दाजींना किती मिळाले ते वाचल्यावर कळेल की त्या दिवशी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं.

वकील साहेब भले भेटले. त्यांनी आधी तारीख विचारली, कारण त्याच १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज टाकायचा असं कायद्यात आलंय. आमचा मार्च २०२३ ला दाखल झाला. कारमालक ठाण्याचा होता, मला वाटलं तिकडे जावं लागेल, पण तसं नाही, अपघात जिथे झाला तिथे किंवा अर्जदार जिथे राहतो वा धंदा करतो तिथेही दावा टाकता येतो. म्हणून नाशिकलाच, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, लोक एमएसीटी म्हणतात तेच. दाजी अर्जदार, कारमालक, कारचालक आणि कारची विमा कंपनी हे जाबदेणार, म्हणजे ज्यांच्यावर दावा केला ते.

आणि इथेच पहिला मोठा प्रश्न आला. वकील म्हणाले, बाइकवाल्या पोरालाही जाबदेणार करायचं का? बाइकची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी होती. थर्ड पार्टी म्हणजे गाडीबाहेरचा माणूस, रस्त्यावरचा, दुसऱ्या गाडीतला. आपल्याच बाइकच्या मागे फुकट बसलेला माणूस अशा नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरला जात नाही, त्याला पॅकेज पॉलिसी लागते. म्हणजे पोराला पक्षकार केलं असतं तर त्याची विमा कंपनी हात वर करणार आणि पैसे पोराच्या खिशातून. दाजी पलंगावरूनच म्हणाले, त्याला कोर्टात खेचायचं नाही, त्याची आई माझ्याकडे बघून त्याला कामाला पाठवते. वकील हसले नाहीत की समजावत बसले नाहीत, म्हणाले हरकत नाही, कायदा तुमच्या बाजूने आहे, मी बघतो.

कंपनीची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. मुद्दे चार होते. एक, चालकाचं लायसन्स वैध नव्हतं. दोन, अर्जदाराने हेल्मेट घातलं नव्हतं. तीन, बाइकस्वार भरधाव होता म्हणून ही "योगदायी निष्काळजीपणा"ची केस आहे, भरपाईतून ३० टक्के कापा. चार, बाइकस्वाराला पक्षकार केलं नाही म्हणून दावाच टिकत नाही.

लायसन्सचा मुद्दा आरटीओचा उतारा आणल्यावर गळून पडला. लायसन्स वैध नसतं तरी घाबरायचं कारण नव्हतं, कारण अशा वेळी "पे अँड रिकव्हर"चा आदेश होऊ शकतो, म्हणजे कंपनीने आधी जखमीला द्यायचे आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करायचे. हेल्मेटचं उत्तर वकिलांनी एका वाक्यात दिलं, मार डोक्याला नाही, कोपराला लागलाय. नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, त्या मोडण्यामुळे दुखापत झाली किंवा वाढली हे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक केसमध्ये बाइकवर तिघे बसले होते तरी हेच सांगितलंय.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी जरा थांबणार आहे कारण माझ्या मते या सगळ्या केसचा जीव त्यात आहे. योगदायी निष्काळजीपणा म्हणजे जखमी माणसाने स्वतः काहीतरी चूक केली आणि त्यामुळे अपघात व्हायला हातभार लागला. समजा दाजी स्वतः बाइक चालवत असते आणि जोरात असते, तर त्यांचा हिस्सा २०-३० टक्के धरून तेवढी रक्कम कापली गेली असती. पण दाजी मागे बसले होते! त्यांच्या हातात ना हँडल होतं ना ब्रेक. दोन वेगळ्या गाड्यांच्या चालकांची चूक एकत्र येऊन तिसऱ्याच माणसाला लागलं तर त्याला "संयुक्त निष्काळजीपणा" म्हणतात, वकिलांच्या तोंडी कंपोझिट नेग्लिजन्स. बाइकस्वाराची चूक म्हणजे मागच्या माणसाची चूक होत नाही. आणि संयुक्त असेल तर जखमी माणूस दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, मग त्या दोघांनी आपापसात काय ते बघून घ्यावं.

कैफियतीत तोच एक शब्द बदलून टाकला होता. कॉन्ट्रिब्युटरी आणि कंपोझिट, घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तर कंपनीचं म्हणणं रास्तच वाटलं होतं, पोरगा जोरात होता हे खरंच ना, मग कापतील थोडे. असं आपल्यालाच वाटतं हे जास्त धोक्याचं.

वकिलांनी खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स हा २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लावला. त्यात चौथ्या मुद्द्याचंही उत्तर होतं. अर्जदाराने एकावरच दावा केला तरी चालतो, आणि दुसरा चालक समोर नसेल तर त्याच्या पाठीमागे त्याची चूक किती टक्के हे ठरवत बसू नये, ज्याला वसूल करायचं असेल त्याने निकालानंतर वेगळी कार्यवाही करावी. म्हणजे दाजींनी पलंगावरून जे माणुसकीने सांगितलं ते कायद्यालाही चालणारं निघालं.

मध्येच लोकअदालतीची नोटीस आली. कंपनीची ऑफर नऊ लाख. घरात त्या रात्री खूप बोलणं झालं. दीड वर्ष दुकान जवळजवळ बंद, ताईचे दागिने गहाण, नऊ लाख म्हणजे फार मोठा आकडा वाटत होता. लोकअदालत वाईट असते असं मी अजिबात म्हणणार नाही, कोर्ट फी परत मिळते, पैसे लवकर मिळतात, कित्येक घरांना तेच बरं असतं. पण तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी हा नऊचा आकडा आला कुठून ते समजून घ्यायचं मी ठरवलं आणि वकिलांच्या ऑफिसात कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

हिशोबाची पद्धत अशी. दाजींची दोन वर्षांची आयटी रिटर्न्स होती, वर्षाला २,८८,०००, म्हणजे महिना २४,०००. (खरी कमाई यापेक्षा जास्त होती, पण शेतकरी रोख देतात, बिल फाडलं जात नाही, आणि कोर्ट कागदच बघणार. धंदेवाल्यांनो, रिटर्न नीट भरा, हात जोडून सांगतो.) वय ३८. स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के धरायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलंय. ते मृत्यूच्या केसमधलं, पण कायमच्या अपंगत्वातही भविष्यातली वाढ धरायची हे २०२० मध्ये पप्पू देव यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. झाले वर्षाला ४,०३,२००. मग मल्टिप्लायर, मराठीत गुणक. माणूस किती वर्षं कमावला असता याचा वयानुसार ठरलेला आकडा, २००९ च्या सरला वर्मा निकालात तक्ता आहे, पंचविशीपर्यंत १८, मग वय वाढेल तसा उतरत जातो, ३६ ते ४० ला १५. म्हणजे ६०,४८,०००. मृत्यूच्या केसमध्ये यातून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी सहसा तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा करतात, जखमीच्या केसमध्ये करत नाहीत, कारण माणूस जिवंत आहे आणि जेवतोय.

आता या साठ लाखांना अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाचा दाखला होता, उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व ३५ टक्के. कंपनीचं म्हणणं, एका हाताचं ३५ म्हणजे पूर्ण शरीराचं १५. साठ लाखांचे १५ टक्के ९,०७,२००, त्यातून ३० टक्के कापले की ६,३५,०४०. दवाखान्याची बिलं ३,१२,००० होती, त्यातूनही ३० टक्के कापले की २,१८,४००. बेरीज साडेआठ लाखांच्या वर, बाकी किरकोळ धरून नऊ. मी कॅल्क्युलेटर ठेवला तेव्हा हात थरथरत होते. नऊ लाख हा काही दयेचा आकडा नव्हता, त्यात दोन शब्द लपलेले होते, "योगदायी" आणि "पूर्ण शरीराचे". ते दोन शब्द मान्य असतील तर ऑफर ठीकच होती. आम्हाला मान्य नव्हते. दाजी म्हणाले, थांबू अजून.

मग आला फंक्शनल डिसॅबिलिटीचा मुद्दा, कार्यात्मक अपंगत्व. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल प्रत्येक जखमी माणसाच्या घरच्यांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. त्याचं सार असं, की दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाई घटल्याचा टक्का नाही. माणूस काम काय करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, दुसरं काही करू शकतो का, हे बघून कमाईची क्षमता किती गेली ते ठरवायचं. एकाच हाताची तीच दुखापत बँकेतल्या माणसाला वेगळी आणि वायंडिंगवाल्याला वेगळी.

डॉक्टरांची साक्ष झाली, नुसता दाखला जोडून भागत नाही. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, अर्जदार या हाताने चहाचा कप उचलू शकतो का? डॉक्टर म्हणाले हो. सही करू शकतो? हो. मोबाइल धरू शकतो? हो. मी मागे बसून ऐकत होतो आणि पोटात गोळा आला, वाटलं संपलं. मग दाजींची साक्ष. आमच्या वकिलांनी त्यांना फक्त त्यांचं काम सांगायला लावलं. दाजी सांगत गेले, स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) स्लॉटमध्ये आधी इन्सुलेशन पेपर बसवायचा, मग तांब्याच्या तारेची कॉइल एकेक वेढा करून आत सारायची, तार कुठे खरचटली तर मोटर पाण्यात गेल्यावर शॉर्ट होणार, त्यामुळे बोटांना ती तार कळली पाहिजे, आणि हे करताना मनगट सारखं फिरतं. माझं मनगट आता फिरत नाही, शेवटच्या दोन बोटांना स्पर्श कळत नाही. एवढंच बोलले. दुकानाचं गुमास्ता लायसन्स, तांब्याच्या तारेची खरेदीची बिलं, आणि अपघातानंतर एक कारागीर पगारावर ठेवावा लागला त्याचा हिशोब, हे सगळं निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, पडून रेकॉर्डवर आलं. त्या कारागिराच्या पगाराचं रजिस्टर ताईने वहीत लिहून ठेवलं होतं, साध्या शाळेच्या वहीत, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

निकाल नोव्हेंबर २०२५ ला आला. न्यायाधिकरणाने संयुक्त निष्काळजीपणा धरला, एक पैसा कापला नाही. कार्यात्मक अपंगत्व ३० टक्के. आम्ही ५० मागितलं होतं, पण दाजी दुकान चालवू शकतात, गिऱ्हाईक सांभाळू शकतात, दुसऱ्याकडून काम करून घेऊ शकतात, हेही कोर्टाने बघितलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते योग्यच वाटलं मला. भविष्यातल्या कमाईपोटी १८,१४,४००, दवाखाना ३,१२,०००, काम बंद होतं त्यातले सहा महिने कोर्टाने धरले त्याचे १,४४,०००, वेदना आणि त्रास यासाठी ७५,०००, जगण्यातली सुखं कमी झाली त्याचे ५०,०००, आणि येणं-जाणं, सोबतीचा माणूस, खुराक मिळून ४५,०००. एकूण २४,४०,४००, वर अर्ज दाखल केल्यापासून साडेसात टक्के सरळ व्याज, बत्तीस महिन्यांचे ४,८८,०८०. तो ३० टक्क्यांचा शब्द चालला असता तर मुद्दलातूनच ७,३२,१२० गेले असते.

"जगण्यातली सुखं" या शब्दावर ताई रडली. दाजी धाकटीला उजव्या हातावर बसवून गोदाघाटावर न्यायचे, ते आता होत नाही, आणि त्यालाही कायद्यात नाव आहे हे तिला माहीत नव्हतं.

निम्मी रक्कम पाच वर्षांच्या एफडीत ठेवायचा आदेश आहे, बाकी खात्यावर. कंपनीला हायकोर्टात अपील करायला ९० दिवस होते, केलं नाही, रक्कम जमा झाली. दागिने सुटले.

एक गोष्ट मात्र अजून उघडी आहे. निकालात लिहिलंय की कंपनीला वाटलं तर बाइकस्वाराविरुद्ध ती स्वतंत्र कार्यवाही करू शकते. पोराने ते वाचलं, दोन दिवस दुकानात कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दाजींनी त्याला समोर बसवलं, निकालाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, नोटीस आली तर फाडायची नाही, लपवायची नाही, सरळ माझ्याकडे आणायची, तुझा वकील मी देणार. अजून तरी काही आलेलं नाही. पोरगा आता स्लॉटमध्ये कॉइल भरायला शिकलाय, दाजी बाजूला स्टुलावर बसून सांगतात, तो भरतो. आणि बाइकची पॉलिसी त्याने पॅकेजची करून घेतलीय.